पॅरिसचें माजघर

स्त्रीच्या एकान्ताचें चित्र काढावें कीं नाहीं, हा प्रश्न नीतीचा आहे तितकाच नजरेचाही आहे. चित्रकार माजघरांत शिरतो. परंतु तो पाहुण्यासारखा शिरतो कीं चोरासारखा, हें त्याच्या चित्रावरून कळतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्यें निघालेलीं छापचित्रें चाळतांना हा विचार आमच्या मनांत वारंवार येतो.

प्रथम एदगार दगा ह्याच्या स्नान करणाऱ्या स्त्रिया पाहाव्या. धातूच्या पत्र्यावर सर्वत्र काळी शाई फांसावयाची आणि चिंधीनें ती पुसून अंधारांतून उजेड काढावयाचा, अशी त्याची एक रीत होती. अशा पत्र्यावरून एखाद-दुसरीच प्रत निघते. ह्या स्त्रियांना आपल्याकडे कोणी पाहत आहे ह्याची वार्ताही नसते. आपण जणूं कुलपाच्या भोंकांतून पाहतों आहों, अशा अर्थाचें दगाचेंच बोलणें जॉर्ज मूर ह्यानें नमूद केलें आहे. कलेचें पुरें कौतुक करूनही ती उपमा आम्हांस बोंचते.

१८९० सालीं पॅरिसच्या एकोल द बोझारमध्यें जपानी ठसाचित्रांचें मोठें प्रदर्शन भरलें. तें पाहून पॅरिसमध्यें स्थायिक झालेली अमेरिकन चित्रकर्त्री मेरी कॅसॅट भारावून गेली, आणि १८९१ सालीं तिनें दहा रंगीत छापचित्रें पुढें मांडलीं. प्रत्येकाच्या प्रती अवघ्या २५. आणि दर प्रतीसाठीं पत्र्यांवर रंग हातानें नव्यानें भरलेला. विषय अगदीं साधे: मुलाला न्हाऊं घालणारी आई, आरशापुढें केस बांधणारी तरुणी, शिंपिणीकडून कपडा अंगाबरोबर करून घेणारी गृहिणी. ह्यांतलें ‘पत्र’ हें चित्र आम्हांस सर्वांत प्रिय आहे. मेजापाशीं बसलेली स्त्री पाकिटाची कड ओठांना लावून तें बंद करीत आहे. पत्र कोणाला, त्यांत काय, कांहीं कळत नाहीं. ह्या चित्राची एक प्रत आमच्या अभ्यासिकेंत आहे. “ती पाकीट बंद करते आहे, म्हणूनच मला हें चित्र आवडतें,” असें आमचें कुटुंब एकदां म्हणालें. त्या वाक्यांत सर्व मर्म आलें. चित्रकर्त्रीनें आपल्याला खोलींत घेतलें, परंतु पत्र वाचूं दिलें नाहीं. आमच्या आजीस माहेराहून आलेलीं पत्रें ओसरीवर आधीं फोडून, वाचून, मगच आंत जात. मिटलेलें पाकीट ही केवढी मिळकत आहे, हें तिला ठाऊक असलें पाहिजे.

कोणी म्हणेल, कॅसॅट स्वतः स्त्री, आणि तिचीं घरें कुलीन. तिला हें सोपें गेलें. त्यास उत्तर १८९६ सालच्या ‘एल’, म्हणजे ‘त्या’, ह्या शिळाछाप चित्रसंचांत सांपडतें. तूलूझ-लोत्रेकनें तेथें मुख्यतः वेश्यागृहांतल्या स्त्रिया काढिल्या, पण कशा? तोंड धुतांना, केंस विंचरतांना, अंथरुणांतच न्याहारी घेतांना, थकून पडलेल्या. गुस्ताव पेले ह्या प्रकाशकानें १०० प्रती काढिल्या. गिऱ्हाइकांना शृंगार हवा होता; तो त्यांत नव्हता, आणि संच फारसा खपला नाहीं. ज्यांचा सर्व दिवस इतरांनीं विकत घेतलेला, त्यांना ह्या चित्रकारानें सकाळचा एक प्रहर त्यांचा त्यांना परत दिला.

तेव्हां चित्रकार पुरुष कीं स्त्री, घर कुलीन कीं बदनाम, ह्यावर हें ठरत नाहीं. आंत आल्यावरही जें आपल्यासाठीं नाहीं तें मिटलेलेंच राहूं द्यावें, एवढी मर्यादा पाहणाऱ्यानें पाळली कीं झालें. ती चित्रशाळेंत शिकतां येते. घरांत मात्र ती रोज पाळावी लागते.