टिकाऊपणाचा हिशेब

मराठीत 'टिकाऊ' हा शब्द जवळजवळ नेहमीच स्तुतिवाचक असतो. कापड टिकाऊ असावे, भांडे टिकाऊ असावे, आणि साहित्यकृती तर टिकाऊ असलीच पाहिजे, असे आपण वर्गात बिनदिक्कत सांगतो. जे काळाच्या कसोटीस उतरले ते थोर, हा आपला आवडता निकष. पण जे टिकते ते कोणाच्या जिवावर टिकते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आम्हांला तो सुचला तो कोणत्याही ग्रंथामुळे नव्हे. एका डिझेल इंजिनामुळे.

अध्यापनाच्या निमित्ताने अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात आम्ही काही वर्षे काढली. शेजारी एक वयस्क शेतकरी होते. त्यांच्याकडे गेल्या शतकातल्या शेवटच्या दशकातला डॉज रॅम पिकअप होता. दारांचे पत्रे बोट आरपार जाईल इतके गंजलेले, इंजिन मात्र तीन लाख मैलांच्या पुढे जाऊनही पहिल्या किल्लीला सुरू होई. गाडी गंजून संपते आणि कमिन्स उरते, असे तिकडे निम्मे थट्टेने आणि निम्मे भक्तिभावाने म्हणतात.

ही भक्ती अगदीच निराधार नाही. इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावच्या कमिन्स कंपनीचे हे 5.9 लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन मुळात शेतीच्या आणि बांधकामाच्या यंत्रांसाठी घडवलेले. 1989च्या मॉडेलपासून ते डॉजच्या पिकअपमध्ये आले. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेडही लोखंडाचे, पट्ट्याऐवजी दातेरी चाके, आणि वजन सुमारे 500 किलो. एवढ्या लोखंडाकडून सुरुवातीला मागितली गेली ती केवळ 160 अश्वशक्ती, तीही संथ फेऱ्यांत. ज्याच्याकडून कुवतीपेक्षा कमी मागितले जाते ते दीर्घकाळ टिकते, एवढे साधे हे रहस्य आहे. अर्थात दंतकथेलाही खोट असतेच. दातेरी चाकांच्या पेटीतली एक बारीकशी खुंटी सैल होऊन चाकांत पडू शकते, म्हणून जाणते मालक तिच्यावर आधीच एक पट्टी बसवून घेतात.

इंधनाची बचत हा भक्तीचा दुसरा आधार. डिझेल इंजिनात हवा फार मोठ्या दाबाखाली आवळली जाते, तिच्या वाटेत पेट्रोल इंजिनासारखी झडप आड येत नाही, आणि लिटरमागे डिझेलमध्ये ऊर्जाही अधिक असते. त्यामुळे जड ओझे ओढताना पेट्रोलच्या गाडीपेक्षा ते कमी पिते.

पण निसर्गाने इथे एक पेच घालून ठेवला आहे. ज्वलन जितके तप्त, तितकी इंधनाची बचत अधिक आणि काजळी कमी. मात्र त्याच उष्णतेत हवेतला नायट्रोजन जळून त्याची घातक ऑक्साइडे तयार होतात. ज्वलन थंड करावे तर काजळी वाढते. मालकाच्या खिशाला जे मानवते ते वाऱ्याच्या दिशेला राहणाऱ्याच्या छातीला मानवेलच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 2012 साली डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला.

हिवाळ्यात ते शेजारी भल्या पहाटे पिकअप सुरू करत आणि आम्ही न सांगताच आमच्या दारातला बर्फ ढकलून देत. आमच्या मुलाला दमा होता. आम्ही खिडकीच्या फटीला टॉवेल लावत असू, आणि काचेतून हात हलवून त्यांचे आभार मानत असू. दोन्ही कृती मनापासूनच्या होत्या.

2007पासून अमेरिकेत कायद्याने हा हिशेब मालकाकडे वळवला. त्याआधी, 2006 साली, डिझेलमधले गंधक 500वरून दशलक्षात 15 भागांवर आणले गेले. मग काजळी अडवणारी गाळणी आली आणि पुढे युरियाच्या द्रावणाने नायट्रोजनची ऑक्साइडे मोडणारी यंत्रणा आली. गाळणीत साचलेली काजळी जाळायला जादा डिझेल खर्ची पडते. गाडी नेहमी जवळच्याच फेऱ्या मारत असेल तर गाळणी तुंबते, आणि दुरुस्तीचे बिल जबर येते. धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात घेतला की आतले मार्ग काजळीने भरतात. मालकांची तक्रार खोटी नव्हती. उलट युरियाच्या यंत्रणेमुळे इंजिनाला पुन्हा तप्त जळता आले आणि गेलेली बचत बरीचशी परतली, ही दुसरी बाजू मात्र कमी सांगितली जाते.

या यंत्रणा काढून टाकण्याच्या धंद्याला तिकडे 'डिलीट' म्हणतात. लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांना हा शब्द टोचावा. आपण संहितेतली ओळ खोडतो तशी इथे इतरांच्या श्वासाची तरतूद खोडली जाते. 2020 साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अंदाज केला, की दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक पिकअपांतून या यंत्रणा काढल्या गेल्या. त्यांचा जादा धूर नव्वद लाख नियमबद्ध पिकअप नव्याने रस्त्यावर आणल्याच्या बरोबरीचा.

खोडाखोड मालकांपुरतीच राहिली नाही. 2013 ते 2019 या मॉडेलांच्या सुमारे 6,30,000 रॅम पिकअपांच्या इंजिनांत नियम चुकवणारी प्रणाली असल्याच्या आरोपावरून खुद्द कमिन्सने 167.5 कोटी डॉलरांचा दंड मान्य केला. ही तडजोड 2024च्या जानेवारीत जाहीर झाली. गैरकृत्य मात्र कंपनीने कबूल केले नाही.

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येत नाही. याच कंपनीने 1962 साली किर्लोस्करांशी भागीदारी करून पुण्यात पाय रोवला. ज्या घराण्याच्या 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' या मासिकांवर आपल्या दोन पिढ्या वाढल्या, तेच हे घराणे. यंत्र आणि अक्षर एकाच छपराखाली नांदू शकतात, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. 1 एप्रिल 2020 रोजी भारतात बीएस-सहा नियम लागू झाले, आणि टोमॅटो-कांदा वाहणाऱ्या नव्या पिकअपांखालीही तशाच पेट्या आल्या. गाडी घेणारा आजही आधी विचारतो तो 'अ‍ॅव्हरेज किती देते?' हा प्रश्न, आणि दुसरा इंजिन किती चालेल हा. दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. कर्ज काढून गाडी घेणाऱ्याला ते विचारू नका असे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही.

आमचे म्हणणे एवढेच, की या दोन्ही प्रश्नांची उत्तरे गाडीच्या मालकालाच मिळतात. तिसरा प्रश्न मागून चालणाऱ्याचा असतो, आणि तो व्यवहारात बोलावला जात नाही, म्हणून त्याच्या वतीने कायद्याला बोलावे लागते. 'टिकाऊ' या शब्दाची स्तुती करण्यापूर्वी, वर्गातही, आम्ही आता क्षणभर थांबतो.