पाणी दगड कसं कापतं?

मैत्रिणींनो, मी शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते. गेल्या वर्षी एका मुलीनं विचारलं, "बाई, पाणी दगड कसं कापतं?" मी म्हटलं, "पुस्तकात दिलंय तेवढं लिही." तिचा उतरलेला चेहरा काही डोळ्यांपुढून हलेना.

यंदा अ‍ॅरिझोनाला भावाकडे गेले, तेव्हा त्यानं ग्रँड कॅन्यन दाखवलं. दरीच्या काठानं 'ट्रेल ऑफ टाइम' नावाची पायवाट आहे. एक मीटर म्हणजे 10 लाख वर्षं! तळाच्या 'विष्णू' खडकाच्या काळापर्यंत (नाव खरंच विष्णू हं!) पावणेदोन किलोमीटर चालावं लागतं. कोलोरॅडो नदीला दरी कोरायला लागलेली वर्षं मात्र जेमतेम पाच-सहा मीटर.

भाऊ सांगत होता, जमीन वर उचलली गेली, नदीला उतार मिळाला. पण कापते ती पुरातली वाळू नि गोटे. अगं बाई! करपलेलं पातेलं नुसत्या पाण्यानं कधी निघालंय? माझी आजी वाळूनंच घासायची की!

दुपारी सगळे 1932 सालच्या डेझर्ट व्ह्यू मनोऱ्यावर चढले. मी खालीच बसले आणि त्या मुलीला पत्र लिहायला घेतलं. पहिली ओळ दोनदा खोडली.