देहरंगचा बांध

पहिले चार मोठे पाऊस झाले की पनवेलमध्ये एकमेकांना हमखास विचारलं जातं, ‘देहरंग भरलं का?’ कागदोपत्री त्याचं नाव अप्पासाहेब वेदक जलाशय. बाहेरून येणारे त्याला गाढेश्वर म्हणतात, आम्ही देहरंग. माथेरानच्या डोंगरातून उतरणारी गाढी नदी नेऱ्याच्या वर, मालडुंगे-धोदाणीच्या अंगाला या बांधापाशी अडते. नगरपालिकेच्या काळात, पनवेल हे एक लहान गाव असताना, त्या गावाच्या पाण्यासाठी हे धरण बांधलं गेलं. आता तिथलं पाणी शहराला पुरत नाही. गाळ एवढा साचलाय की दोन-तीन जोराच्या पावसांत धरण ओसंडतं आणि उन्हाळा तापायला लागला की तळ दिसतो. त्यामुळे बहुतेकांच्या मनात देहरंग म्हणजे पाणीपुरवठा उरलेला नाही. सुट्टीच्या दिवशी भिजायला जायची जागा, एवढीच त्याची ओळख राहिली आहे.

मीही लहानपणापासून तिथे भिजायलाच जात आले. धरणाकडे धरण म्हणून बघायला शिकवलं ते आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी. पाटबंधारे खात्यात त्यांची सगळी नोकरी कोकणातल्या लहान धरणांवर झाली. एका मे महिन्यात मी त्यांना गाडीवर बसवून देहरंगला घेऊन गेले. पाणी खूप खाली गेलं होतं, चिखलाला भेगा पडल्या होत्या. मला वाटलं, ते रिकाम्या जलाशयाकडे बघत बसतील. त्यांनी तिकडे पाठ फिरवली आणि खालच्या बाजूला, नदीच्या पात्राकडे बोट दाखवलं.

‘धरण बघायचं तर आधी खालून बघायचं,’ ते म्हणाले. ‘वरून दिसतं ते पाणी. धरणाची तब्येत खालच्या पायथ्याशी कळते.’

कोकणातली लहान धरणं बहुतेक मातीच्या भरावाची. प्रत्येक मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पाणी नितळ येतंय की गढूळ, हे मात्र बघावं लागतं. नितळ असेल तर माती जागेवर आहे. गढूळ असेल तर ते पाणी आतली माती घेऊन येतंय, म्हणजे भरावाच्या पोटात वाट तयार होतेय. ती वाट एका पावसात रुंद होऊ शकते. भरावावर झाडं वाढू द्यायची नाहीत, कारण झाड मेल्यावर कुजलेलं मूळ पाण्याला आयती नळी मिळवून देतं. पाण्याकडच्या बाजूचे दगड सरकलेत का, माथ्यावर कुठे खोलगट झालंय का, सांडव्याच्या तोंडाशी ओंडके अडकलेत का, हे सगळं बघायचं. यातल्या कशालाही मोठं यंत्र लागत नाही. बांधावरून चालणारा माणूस लागतो आणि त्याने काय पाहिलं हे लिहिलेली वही लागते.

मी त्यांना सरळ विचारलं, ‘मग हे धरण चांगलं आहे ना?’

‘एका फेरीत नाही सांगता येत ग,’ ते म्हणाले. ‘गेल्या वर्षी झिरपा किती होता आणि यंदा किती आहे, हे वहीत असतं. वही दाखव, मग सांगतो.’

तेव्हापासून हे उत्तर माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. ते उत्तर देताना त्यांच्या मनात तिवरे होतं, हे मला परतताना कळलं. २ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. ते धरण मातीचं, लहान आणि जेमतेम वीस वर्षांचं होतं. खालची भेंदवाडी वाहून गेली आणि वीसहून अधिक माणसं गेली. गळती होतेय हे गावकऱ्यांनी आधीच सांगितलं होतं, थोडी डागडुजीही झाली होती. नंतर खेकड्यांनी बांध पोखरला असं कारण पुढे आलं आणि लोक संतापले. त्यांचा संताप रास्तच होता. खेकडे भराव पोखरतात हे खरं, पण खेकड्याचं बीळ एका रात्रीत होत नाही. ते दिसतं, नोंदवता येतं, बुजवता येतं. बीळ वर्षानुवर्षं राहिलं असेल तर दोष खेकड्याचा नाही.

धरण सुरक्षा म्हटलं की आपल्याकडे पर्यटकांची सुरक्षा एवढंच समजलं जातं. ती गरजेची आहेच. ३० जून २०२४ला लोणावळ्याला भुशी धरणाच्या वरच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. गाढीच्या पात्रातही माणसं बुडाली आहेत. या नदीची एक खोड बाहेरच्यांना माहीत नसते. खाली नेऱ्याला ऊन असतं आणि वर माथेरानला धो धो कोसळत असतं. ते पाणी काही वेळाने लोंढ्यासारखं येतं, आणि गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस निसटतो. वाडीवरची पोरं डोंगर काळा झाला की स्वतः पाण्याबाहेर येतात आणि इतरांनाही ओरडून बाहेर काढतात. त्यांचं ऐकलं जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं. बंदीचे आदेश निघतात, फाट्यावर पोलीस भर पावसात उभे राहतात, लोक आडवाटेने आत शिरतात.

पण बंदीने माणूस धरणापासून लांब राहील. धरणाखाली राहणाऱ्या माणसांचं काय? मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. बांध घातला तेव्हा खाली भातशेती आणि चार गावं होती. आज नेऱ्यापासून विहीघर, सुकापूर, विचुंबे, नवीन पनवेलपर्यंत गाढीच्या दोन्ही काठांना इमारती उभ्या आहेत. बांध होता तेवढाच आहे, पण तो फुटला तर बुडणारी वस्ती कित्येक पटींनी वाढली आहे. पाऊसही बदललाय. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पनवेलमध्येही घराघरांत पाणी शिरलं होतं. जुन्या धरणाचा सांडवा कुठल्या पावसाचा हिशोब धरून बांधला आणि आजच्या पावसाला तो पुरेल का, हे पुन्हा मोजावं लागतं. जलाशय गाळाने भरलेला असला की पूर थोडा वेळ अडवून धरायची त्याची ताकदही कमी होते. म्हणजे गाळ काढणं हा फक्त पाणीटंचाईचा विषय नाही.

यासाठी कायदा आहे. धरण सुरक्षा कायदा २०२१मध्ये झाला. पंधरा मीटरहून उंच धरणं त्यात येतात, आणि दहा ते पंधरा मीटरमधलीही काही अटींवर येतात. त्यांची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करणं, आणीबाणीत काय करायचं याचा आराखडा तयार ठेवणं हे मालकाचं काम आहे. आपल्या राज्याची धरण सुरक्षितता संघटना नाशिकला आहे. एखादं धरण मापात बसत नसेल तरी त्याच्याखालची माणसं कमी मोलाची ठरत नाहीत, म्हणून लहान धरणांनाही हीच शिस्त लावावी असं माझं ठाम मत आहे.

काकांबरोबर गेले होते त्याच वर्षी जुलैत मी पुन्हा देहरंगला गेले. सांडव्यावरून पाणी पांढरंशुभ्र कोसळत होतं, लोक फोटो काढत होते. प्रवेशबंदीचा फलक जागेवर होता. त्याच्याशेजारी आणखी एक फलक हवा असं मला वाटलं. शेवटची तपासणी कधी झाली, कोणी केली, काय आढळलं, आणि भोंगा वाजला तर खालच्या वस्तीने कुठल्या उंचवट्यावर जायचं, एवढं त्यावर लिहिलेलं असावं.

गाढीच्या काठाला राहणाऱ्या प्रत्येक सोसायटीने आणि गावाने यंदा मे महिन्याआधी एक अर्ज करावा, माहितीच्या अधिकारात करावा लागला तरी करावा. देहरंगच्या तपासणीची वही आम्हाला बघायची आहे, एवढंच त्यात लिहा. वही असेल तर दाखवायला काही अडचण नाही, आणि नसेल तर ती पावसाआधी सुरू व्हायला हवी.