चाकांवरचे घर

घर एका जागी स्थिर असते, असा सर्वसाधारण समज आहे. युरोपात मात्र कित्येक निवृत्त दांपत्ये चाकांवरच्या घरातून, म्हणजेच मोटारहोममधून, महिनोन्महिने प्रवास करतात. शेगडी, बिछाना, पाण्याची टाकी असा सारा संसार टायर मुकाट्याने वाहून नेतात.

अशा वाहनांसाठी ‘सीपी’ अक्षरांचे खास टायर मिळतात. त्यांच्या बाजू भक्कम असतात आणि त्यांत हवेचा दाबही अधिक ठेवता येतो. परंतु या भक्कमपणामुळेच रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा फडताळातल्या कपबश्यांना जाणवतो. त्यात चाकांची अखंड घरघर! साहजिकच टायर बदलताना मऊ, शांत टायरचा मोह होतो. युरोपीय संघात २०१२ पासून टायरच्या माहितीपत्रकावर आवाजाची पातळी डेसिबलमध्ये दिलेली असते.

मात्र तेवढाच आकडा पाहून भागत नाही. टायरवर भारांकही कोरलेला असतो. ११६ भारांकाचा टायर १२५० किलो भार पेलतो. गरजेपेक्षा कमी भारांकाचा टायर ओझ्याखाली दबतो, तापतो आणि भर वेगात फुटू शकतो.

जाणता प्रवासी म्हणूनच आधी सामानासह गाडी वजनकाट्यावर नेतो. प्रत्येक आसावरचा भार पाहून टायर-उत्पादकाच्या तक्त्यानुसार हवा भरतो. पुष्कळदा हादऱ्यांचे कारण टायर नसून अकारण भरलेली जादा हवा असते.

सुख शोधणे गैर नाही; पण ज्याच्यावर घराचा भार, त्याची ताकद आधी पाहावी, मऊपणा नंतर.