पोच मिळेपर्यंत

मेल सर्व्हर सांभाळणाऱ्याला सगळ्यात जास्त ऐकावा लागणारा प्रश्न एकच, "माझा मेल गेला कुठं?" सोलापूर जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी हे काम बरीच वर्षं केलं. कॉलेजचा स्वतःचा सर्व्हर होता, लिनक्सवर पोस्टफिक्स बसवलेला. २००५ नंतरची ती वर्षं लोडशेडिंगची. यूपीएसच्या बॅटऱ्या संपल्या की मशीन बंद पडायचं, कधी भर कामात. तरीही मेल हरवत नसत. का हरवत नाहीत, ते मला लॉग वाचता वाचता उमगत गेलं, आणि ही व्यवस्था ज्यांनी घडवली त्यांच्याबद्दलचा आदर तेव्हापासून कायम आहे.

एका सर्व्हरने दुसऱ्याकडे मेल द्यायचा तो एसएमटीपीच्या नियमांनी. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली ते नियम लिहून प्रसिद्ध केले. बोलणं इतकं साधं, की पोर्ट २५ ला टेलनेट करून माणूस ते हाताने टाइप करू शकतो. लॅबमध्ये नव्याने आलेल्या मुलांना मी तेच करून दाखवायचो. आधी 'हेलो' म्हणून आपलं नाव सांगायचं, मग पाठवणाऱ्याचा पत्ता, मग ज्याला पाठवायचा त्याचा. समोरून प्रत्येक वेळी २५० येतो, म्हणजे ठीक आहे, पुढे बोला. (५५० आला तर बहुधा असा पत्ताच इथे नाही.) मग 'डेटा' म्हणायचं, ३५४ आला की मजकूर लिहायचा आणि शेवटी एका ओळीवर नुसतं टिंब द्यायचं.

त्या टिंबानंतरचा २५० आधीच्यांसारखा नाही. तो देताना समोरचा सर्व्हर कबूल करतो, की मेल माझ्या ताब्यात आला. आता तो पोचवणं, नाहीतर पोचला नाही असं पाठवणाऱ्याला कळवणं, हे माझं काम. ही पोच हातात पडेपर्यंत पाठवणाऱ्याने आपली प्रत पुसायची नाही. पोस्टफिक्सही मेल डिस्कवर नीट उतरवल्याशिवाय तो २५० देत नाही, नुसत्या मेमरीच्या भरवशावर होकार भरत नाही.

त्यामुळे आमची वीज गेली, की मेल बाहेरच्या सर्व्हरांच्या रांगेत थांबायचे. पुन्हा प्रयत्न करण्याआधी साधारण अर्धा तास तरी जाऊ द्या, आणि चार-पाच दिवस नाद सोडू नका, अशी शिफारस नियमांतच आहे. आमचे लोडशेडिंगचे तास त्यात सहज बसत. वीज आल्यावर मी लॉग उघडून बसायचो. जोडणी आली, २५०, २५०, ३५४, २५०. अडलेले मेल एकेक करून आत येताना बघायला मला फार आवडायचं.

कधी कधी कार्यालयातले क्लार्क येऊन म्हणत, "सर, हा मेल दोनदा आलाय बघा." आमच्याकडे मेल डिस्कवर उतरलेला असे, पण २५० पाठवण्याआधीच वीज जाई. पाठवणाऱ्याला पोच मिळालेली नसल्याने तो पुन्हा पाठवी. दोनदा आला तरी चालेल, पण हरवता कामा नये, असा हा कौल आहे आणि मला तो पूर्ण मान्य आहे.

डिस्कवर मेल ठेवण्यातही हीच काळजी दिसते. जुन्या पद्धतीत एका माणसाचे सगळे मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये जात, आणि लिहिता लिहिता वीज गेली की ती फाइल बिघडण्याची धास्ती. आम्ही डॅनियल बर्नस्टाइन यांची मेलडिर ही पद्धत घेतली. तिच्यात प्रत्येक मेलची वेगळी फाइल. ती आधी 'टेम्प' फोल्डरमध्ये पूर्ण लिहायची, मगच 'न्यू'मध्ये हलवायची. अर्धवट राहिलेला मेल वाचणाऱ्यासमोर कधी येतच नाही.

एकदा फिजिक्सच्या मॅडम काळजीत पडून आल्या. "अहो, काल रात्री घरी वाचलेले मेल आज इथं एकही नाहीत!" त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर पीओपी होतं. मेल उतरवून घ्यायचे आणि सर्व्हरवरून काढून टाकायचे, अशीच त्यात सेटिंग होती. मेल सुखरूप होते, फक्त घरी. गंमत म्हणजे पीओपीसुद्धा घाई करत नाही. पुसायचे मेल तो नुसते खूण करून ठेवतो, आणि शेवटी 'क्विट' म्हटलं तरच खरोखर पुसतो. मध्येच फोनची लाइन तुटली, की सगळे जागच्या जागी. मॅडमना मी आयमॅप लावून दिलं. मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्डमध्ये १९८६ साली त्याची सुरुवात केली. त्यात मेल सर्व्हरवरच राहतात आणि कुठला वाचला, कुठला नाही, याच्या खुणाही तिथेच. घरून वाचा, डिपार्टमेंटमधून वाचा, चित्र एकच. डिस्क मात्र भराभर भरू लागली, आणि जास्त जागेसाठी मला प्राचार्यांकडे जावं लागलं.

एवढं असूनही २५० म्हणजे माणसाने मेल वाचला असं नव्हे. इनबॉक्समध्येच पडला, असंही नव्हे. आमच्या एका विद्यार्थ्याचा नोकरीचा अर्ज कंपनीला मिळालाच नाही, असं तिथून सांगण्यात आलं. मी लॉग काढला. त्यांच्या सर्व्हरने २५० दिलेला होता आणि सोबत स्वतःच्या रांगेतला क्रमांकही. ती ओळ वेळेसकट मी त्याला उतरवून दिली. तिकडच्या माणसाने त्या क्रमांकावरून शोध घेतला आणि अर्ज स्पॅममधून बाहेर काढला.