बोकड कोवळा, शेळी म्हातारी

माणसानं जनावरं कशी माणसाळवली आणि त्यानं माणसाचं जगणं कसं बदललं, हे सोप्या भाषेत लिहा, असं संपादकांनी सांगितलं. मी लगेच हो म्हटलं. गेली अठ्ठावीस वर्षं उत्खननातून निघालेली जनावरांची हाडं तपासणं हेच माझं काम आहे. पण त्याच आठवड्यात एका उत्खननातून हाडांची तीन खोकी आली आणि त्यातला एक जबडा मनातून जाईना. म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करते.

खालचा, डाव्या बाजूचा, माझ्या तळहातापेक्षा थोडा लांब. शेळीचा की मेंढीचा, ते खात्रीनं सांगता येत नाही. या दोघींची हाडं इतकी सारखी असतात की आम्ही अहवालात बहुतेकदा ‘शेळी/मेंढी’ असंच लिहितो. या जनावरांच्या दाढेच्या माथ्यावर एनॅमलच्या चंद्रकोरी असतात. चरून चरून दाढ झिजते तशा त्या पुसत जातात. या जबड्यातल्या चंद्रकोरी पार गेलेल्या, दाढा मुळापर्यंत आलेल्या. एक दाढ तर जिवंतपणीच पडली होती आणि तिची खोबण हाडानं भरून आली होती. म्हणजे दाढ पडल्यावरही हे जनावर बरेच दिवस जगलं. कुणीतरी जगवलं.

बैलबाजारात जाणाऱ्याला हे नवं नाही. गिऱ्हाईक आधी तोंड उघडून बघतं: आदत, दुसा, चौसा की जुळलेला. मीही तेच करते, फक्त जनावर मरून तीन हजार वर्षं झालेली असतात. पुढचे दात मातीत गळून जातात, म्हणून मी दाढांवर भिस्त ठेवते.

लोकांच्या मनात एक चित्र पक्कं बसलेलं असतं. कुणा हुशार माणसानं रानातलं पिल्लू आणलं, दावणीला बांधलं आणि माणसाळवण्याची सुरुवात झाली. ‘माणसाळणं’ हा शब्दच बदलाचा सगळा भार जनावरावर टाकतो. कुत्र्याचं समजू शकते. तो शेतीच्या कितीतरी आधी शिकाऱ्यांच्या मागे आला. शेळी, मेंढी आणि गाय यांच्या बाबतीत मात्र आधी बदलला तो माणूस. जनावराचं अंग बदलायला पुढे शेकडो वर्षं लागली.

हे कशावरून म्हणते, ते सांगताना थोडं आमच्या वादात शिरावं लागेल.

पूर्वी आमच्या शास्त्रात एक सोपी कसोटी होती: हाडं लहान झाली की जनावर पाळीव झालं. इराणमधल्या अली कोश इथल्या जुन्या थरांत शेळ्यांची हाडं लहान मिळाली, म्हणून त्या पाळीव. मेलिंडा झेडर यांनी ही कसोटी तपासून पाहायची ठरवली. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये इराण-इराकमधल्या अलीकडच्या शेळ्यांचे सांगाडे आहेत. त्यांचं लिंग आणि ठिकाण आधीच ठाऊक असलेलं. मापं घेतल्यावर दिसलं की आकारात सर्वांत मोठा फरक पडतो तो नर-मादीमुळे. त्यानंतर हवामानामुळे, उष्ण सखल भागातली शेळी अंगानं बारीक असते. पाळीव असण्याचा आकाराशी जवळजवळ संबंधच दिसेना. अली कोशची शेळी लहान होती, कारण ती सखल भागातली होती आणि मोठी होऊन हाडं मागे ठेवणाऱ्यांत माद्याच जास्त होत्या.

मग बघायचं काय? कोण कधी मेलं ते बघायचं. लांब हाडांची टोकं लहानपणी सुटी असतात, ठरावीक वयात ती जुळतात. टोक जुळलेलं की सुटं यावरून वय कळतं, मापावरून नर की मादी. पश्चिम इराणच्या झाग्रोस डोंगरात गंज दरे नावाचं छोटं टेकाड आहे. फिलिप स्मिथ यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत ते खणलं. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या या वस्तीतली हाडं झेडर आणि ब्रायन हेसे यांनी २००० साली अशी लावून दाखवली. बोकड बहुतेक एक-दोन वर्षांचे असतानाच मारलेले, शेळ्या मात्र चांगल्या मोठ्या वयापर्यंत जगलेल्या. अंगानं या शेळ्या अजून रानटीच होत्या. शिकारी असं करत नाही. त्याला मोठा, मांसल, पूर्ण वाढलेला नर हवा असतो. मादी राखून कोवळा बोकड कापणाऱ्याला पुढच्या वर्षीचा कळप दिसत असतो.

गंज दरेच्या मातीच्या विटांवर शेळ्यांच्या दुभंगलेल्या खुरांचे ठसे आहेत. ओल्या विटा वाळत घातल्या होत्या आणि शेळ्या त्यांवरून गेल्या. हाडांचे तक्ते मला पटतात, पण विश्वास बसतो तो त्या खुरांमुळे.

एवढ्याशा हिशेबातून किती निघालं! शिकारीचं मांस टिकत नाही, ते वाटूनच खावं लागतं. आज मी वाटलं, उद्या तू. कळप मात्र उद्यासुद्धा असतो, म्हणून तो कुणाचा तरी असावा लागतो. मग वारसा आला, लग्नात देण्याची जनावरं आली, चोरी आली, राखण आली. धान्याचंही तेच. पोटात आग पडलेली असताना बियाणाच्या कणगीला हात न लावणं ही काही साधी गोष्ट नाही. आणि ती कणगी ज्याच्या घरात, त्याचं गावात वजन. आपल्याकडे शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला १९६८ पासून एक तपाहून जास्त काळ डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं. जोर्वे संस्कृतीच्या त्या गावात बहुतेक घरं लहान, पण एक घर पाच खोल्यांचं आणि त्याला लागून धान्याचं कोठार. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या त्या कामानं मला या विषयात आणलं.

जनावरं जवळ आली तसे त्यांचे आजारही आले. गोवराचा विषाणू गुरांच्या बुळकांडीच्या विषाणूचा भाऊबंद आहे, आणि तो माणसात आला तो बहुधा गुरांकडूनच. बुळकांडी २०११ साली जगातून गेली. गोवर अजून आहे.

अलीकडे व्याख्यानानंतर एक प्रश्न हमखास येतो: शेती ही माणसाची सर्वांत मोठी चूक होती ना? गव्हानंच माणसाला पाळलं ना? या प्रश्नाचा मला फार त्रास होतो. किडणारे दात, खुंटलेली मुलं हे सगळं खरं आहे. शेतकऱ्यांच्या सांगाड्यांवर ते दिसतं. पण चूक व्हायला एक दिवस लागतो, एक निर्णय लागतो. दाणे आपोआप न गळणारी कणसं सगळीकडे रुळायला दोन-एक हजार वर्षं गेली. त्या प्रत्येक पिढीतल्या बाईनं आपल्या पोरांना त्या साली काय घालायचं, एवढंच पाहिलं. तिला ‘चुकली’ म्हणायचा अधिकार मला नाही, आणि तुम्हालाही नाही.

आता खोक्यांकडे येते. आमचं सगळं शास्त्र कोवळ्या हाडांवर उभं आहे, आणि मातीत आधी नाहीशी होतात ती तीच. करडाचं हाड बिस्किटासारखं सच्छिद्र असतं, निम्मं तर त्या काळच्या कुत्र्यांनीच खाल्लेलं असतं. जे उरतं ते बारीक चाळणीतच सापडतं. या खोक्यांवर लेबलं होती, थरांचे आकडे होते, पण माती चाळलेली नव्हती. हातानं दिसेल तेवढं वेचलेलं. ज्या कोवळ्या बोकडांवरून मी कळप ओळखायचा, ते मातीच्या ढिगात गेले. उरली ती मोठी हाडं आणि हा म्हातारा जबडा. जबड्यावरून नर की मादी कळत नाही, पण इतक्या वयाचा नर सहसा कुणी पोसत नाही. मादी धरली तरी प्रश्न सुटत नाही. १९७३ साली सेबॅस्टियन पेन यांनी मांस, दूध आणि लोकर यांसाठी पाळलेल्या कळपांत कोणत्या वयाला किती जनावरं मरतात याचे तीन आराखडे मांडले. आम्ही सगळे आजही तेच वापरतो. दात संपलेली, वीत नसलेली, धड चरताही न येणारी मादी त्यातल्या एकाही आराखड्यात नीट बसत नाही.

गेल्या पौषात शिरूरकडे एका रानात धनगरांचा वाडा उतरला होता. शेतकऱ्यानं खतासाठी मेंढरं बसवून घेतली होती, बदल्यात धान्य द्यायचं ठरलं होतं. सकाळी बाया चुलीपाशी होत्या, कोकरं जाळीआड ओरडत होती. कळपातलं काय विकता, असं मी एका आजींना विचारलं.

“नर इकायचा, मादी ठिवायची,” त्या म्हणाल्या. “मादी कापली तर म्होरल्या साली काय बगायचं? भात्तरच्या दुस्काळात आमी पाला उकडून खाल्ला, पर मेंढ्या नाय मोडल्या.”

मी मोबाइलवरचा जबड्याचा फोटो दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला, पदरानं काच पुसून पुन्हा पाहिला.

“दात तर पार सपल्यात हिचं.”

“तेच कळत नाही, आजी. दूध नाही, पिल्लू नाही. कुणी कशाला ठेवली असेल?”

“म्होरकी आसंल, बाई. ती चालली की समदी चालत्यात. तिला नदी ठावं आसती, वाट ठावं आसती. तिला खाया बारीक करून घालायचं.”

अहवाल मार्गशीर्षात द्यायचा आहे. तक्त्यात मांस, दूध आणि लोकर असे तीनच रकाने आहेत. शेजारी पेन्सिलीनं मी चौथा आखला आहे, त्याला अजून नाव दिलेलं नाही.