मापाचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ऋषी आणि नद्या यांच्यापुरते ते खरे असेल. मापाला मात्र त्याचे कूळ अवश्य विचारावे. जे माप ते सांगायला कचरते, त्याच्याशी व्यवहार न केलेला बरा.

आमच्या बदलापूरच्या इमारतीत पाइपाने गॅस आला, भिंतीवर मीटर बसला, आणि मीटरबरोबर घरोघर संशयही शिरला. तळमजल्यावरच्या साईंचे उल्हासनगरात कापडाचे दुकान. एकदा त्यांचे बिल फुगले, तेव्हा मीटर वाचायला येणाऱ्या पोराला ते जिन्यातच ‘चोर’ म्हणाले. पोरगा काही बोलला नाही. पण त्याचा उतरलेला चेहरा आम्ही सगळ्यांनी पाहिला.

मीटर तपासणीला गेला. अहवाल आला : मीटर ०.६ टक्का जास्त दाखवतो. तपासणीतील अनिश्चितता अधिक-उणे ०.३ टक्का. साईंनी तो कागद विजयी मुद्रेने फडकावला. ‘‘बघा! लेखी कबुली! यांची यांनाच खात्री नाही!’’

वरच्या मजल्यावरचे नाना अंबरनाथच्या एका कारखान्यात हयातभर मायक्रोमीटर हाताळून निवृत्त झालेले. ते म्हणाले, ‘‘खात्री नाही असं नव्हे, साईं. खात्री किती आहे, ते सांगितलंय. खरी चूक ०.३ आणि ०.९ यांच्या दरम्यान असावी, शंभरातल्या पंच्याण्णव खेपांना. आणि नव्या घरगुती मीटरला नेहमीच्या प्रवाहात दीड टक्का चूक कायद्यानं माफ असते.’’

‘‘पण तपासणाराच खरा कशावरून?’’

‘‘तुमच्या दुकानातल्या मीटरपट्टीवर शिक्का कोणाचा?’’

‘‘वजनमापे खात्याचा.’’

‘‘मग हेही तसंच.’’

नानांनी वंशावळच मांडली. घरचा मीटर तपासतात तो अधिक अचूक अशा मीटरवर, किंवा तेलात पालथ्या घातलेल्या घंटेसारख्या टाकीवर. टाकी खाली उतरते तशी ठरावीक हवा मीटरमधून जाते. किती हवा, ते टाकीचा व्यास आणि उंची यांवरून कळते. असे संदर्भ-मीटर तपासण्याचे काम केरळात पालक्काडच्या फ्लुइड कंट्रोल रिसर्च इन्स्टिट्यूटसारख्या संस्था करतात. देशाची मूळ प्रमाणे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत. आणि सर्वांचा मूळपुरुष कोण? तर प्रकाश! सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात प्रकाश निर्वात जागेत जेवढे अंतर तोडतो, तो मीटर, अशी व्याख्या १९८३ साली ठरली. पिढीगणिक थोडी अनिश्चितता वाढत जाते, कधी घटत नाही. म्हणूनच प्रत्येक पिढीने ती लिहून ठेवायची. मधला एक दुवा गळला, की कागदावरचा शिक्का नुसती शाई.

त्यात गॅसचा स्वभाव चंचल. दाब तोच ठेवून तो केवळ तीन अंशांनी तापवला, तर घनफळ सुमारे एक टक्का वाढते. आणि बदलापूरचा उन्हाळा तर तुम्ही जाणताच! म्हणून मोठ्या मीटरांवर दाब आणि तापमानही मोजतात आणि १५ अंश सेल्सिअसला किती गॅस झाला असता, त्याचा हिशेब धरतात. आमच्या घरी महिन्याला १५ युनिटे जळतात, तिथे ०.६ टक्का म्हणजे युनिटाचा दहावा हिस्सासुद्धा नव्हे. पण मोठ्या वाहिनीतून कारखान्यांना आणि शहरांना गॅस विकला जातो, तिथे त्याच ०.६ टक्क्याचे लाखो रुपये होतात, आणि ते कोणाच्या ना कोणाच्या खिशातून जातात.

‘‘मग माझं बिल वाढलं कशानं?’’ साईंनी शेवटचा बाण सोडला.

उत्तर आतून, त्यांच्या सौभाग्यवतींकडून आले : ‘‘त्या महिन्यांत दिवाळी नव्हती का? चकल्या काय उन्हात तळल्या?’’

मला वाटते, ‘मी एवढ्याने चुकत असेन’ असे आकड्यात सांगणाऱ्याला आपण लबाड समजतो आणि ‘मी कधीच चुकत नाही’ म्हणणाऱ्याच्या हाती निर्धास्तपणे तराजू देतो. जिन्यात उच्चारलेल्या त्या ‘चोर’ शब्दाला तर ना मोजमाप होते, ना कूळ.

पुढच्या खेपेस तो पोरगा आला, तेव्हा साईंनी स्वतः दार उघडले. आकडा लिहून होईपर्यंत ते शेजारी उभे राहिले. मग त्याला खुर्ची दिली, आणि चहा टाकायला सांगितले.